प्रोपेन टाक्या : कामाच्या ठिकाणचे सुरक्षा नियम

दाबाखाली द्रवरूपात साठवलेल्या प्रोपेनची कारखाने, भट्ट्या व उपाहारगृहे यांतील साठवण आणि हाताळणी यांविषयीचे नियम. भारतात एलपीजी म्हणून मिळतो तो बहुधा ब्युटेन व प्रोपेन यांचे मिश्रण असतो. आयएस 4576 या मानकात व्यापारी ब्युटेन, व्यापारी प्रोपेन व दोहोंचे मिश्रण असे तीन प्रकार आहेत. 38° से.ला प्रोपेनचा बाष्पदाब सुमारे 13 बार, म्हणजे ब्युटेनच्या तिपटीहून अधिक असतो; त्यामुळे ब्युटेनसाठी घडवलेल्या टाकीत प्रोपेन भरता येत नाही.

गुणधर्म : उत्कलनबिंदू −42° से. बाष्प हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने ते जमिनीलगत पसरते आणि गटारांत, तळघरांत साचते. हवेत सुमारे 2 ते 9.5 टक्के प्रमाण असताना ते पेट घेते. मूळ वायूला वास नसतो. गळती कळावी म्हणून एथिल मरकॅप्टन मिसळतात.

कायदे : सिलिंडरांना गॅस सिलिंडर नियम, 2016 आणि 1,000 लिटरांहून मोठ्या टाक्यांना स्थिर व फिरती दाबपात्रे नियम, 2016 लागू होतात. दोन्हींचा आधार विस्फोटक अधिनियम, 1884 हा होय. अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. एका वेळी 100 किग्रॅ.पर्यंतचा एलपीजी सिलिंडरांत ठेवण्यास परवाना लागत नाही. अनेक खानावळी या मर्यादेच्या आत राहतात आणि म्हणून परवान्याच्या कक्षेबाहेरही. कारखान्यांत कारखाने अधिनियम, 1948 मधील कलम 37 (ज्वालाग्राही वायू) व 38 (आग) हीदेखील 2025 पर्यंत लागू होती.

टाकी व झडपा : द्रव तापला की प्रसरण पावतो, म्हणून टाकी साधारणपणे 85 टक्क्यांपर्यंतच भरतात. सुरक्षा झडप असली तरी आगीत टाकी शाबूत राहीलच असे नाही. ज्वाळा द्रवपातळीच्या वरच्या पत्र्याला लागल्या, तर तो भाग थंड ठेवायला आत द्रव नसतो. पत्रा मऊ पडतो आणि झडप उघडी असतानाही टाकी फुटते.

याचे अभ्यासलेले उदाहरण म्हणजे फ्रान्समधील लियाँजवळच्या फेझाँ येथील तेलशुद्धीकरण कारखाना (4 जानेवारी 1966). प्रोपेनच्या गोलाकार टाकीच्या तळाचे पाणी काढताना एकाखाली एक असलेल्या दोन झडपा चुकीच्या क्रमाने उघडल्या गेल्या. त्या गोठल्या व पुन्हा बंद होईनात. वायूचा ढग जवळच्या रस्त्यापर्यंत गेला आणि एका मोटारीमुळे पेटला. अग्निशामकांनी शेजारच्या टाक्यांवर पाणी मारले. जळत्या टाकीचे रक्षण तिची सुरक्षा झडप करील, असा समज होता. सुमारे दीड तासाने ती फुटली. एकूण 18 माणसे मृत्युमुखी पडली. तळाच्या दोन झडपांत अंतर ठेवणे, टाकीलगतची झडप दूरवरून बंद करता येणे आणि टाकीवरच पाण्याचे फवारे बसवणे या अटींमागे ही घटना आहे. प्रस्तुत विषयात याहून महत्त्वाचा भाग क्वचितच असेल.

भारतातील दुर्घटना : विशाखापट्टणमच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातील आग (14 सप्टेंबर 1997). मृतांची संख्या साधारणतः 60च्या आसपास सांगितली जाते. त्यानंतर मातीच्या भरावाखालील टाक्यांकडे कल वाढला.

सिलिंडर : उभे, हवेशीर जागी, तळघराबाहेर ठेवावेत. 14.2 किग्रॅ.चा घरगुती बाटला धंद्यासाठी वापरण्यास मनाई आहे. त्यासाठी 19 किग्रॅ.चा असतो. कड्याखालच्या पट्टीवरील ए, बी, सी, डी ही अक्षरे तिमाही दाखवतात व पुढचे आकडे पुढील चाचणीचे वर्ष. पहिली चाचणी 10 वर्षांनी, नंतरच्या दर 5 वर्षांनी.

प्रशिक्षण : हाताळणाऱ्यांना देणे आवश्यक.