विषयनिर्देशिका आणि ग्रंथपाल : चंदीगडच्या निमित्ताने

समजा तुम्हाला तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी ‘चंदीगड शहराची उभारणी’ हा विषय मिळाला आहे. तुम्ही मोबाइलवर शोधयंत्र उघडता आणि ‘चंदीगड कोणी बांधले’ असे विचारता. उत्तर लगेच मिळते : ल कॉर्बुझिए. खालच्या दहा संकेतस्थळांवरही हेच नाव असते आणि त्यांतल्या काहींवर तर वाक्यसुद्धा तेच असते. दहा ठिकाणी एकच गोष्ट वाचली की ती पक्की वाटू लागते. प्रत्यक्षात एकाने लिहिलेले नऊ जणांनी उतरवलेले असू शकते.

आता वस्तुस्थिती पाहू. शहराचा पहिला आराखडा अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मेयर आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी यांचा. ऑगस्ट १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात गेले आणि १९५१ च्या सुरुवातीला ल कॉर्बुझिए चित्रात आले. त्यांच्यासोबत त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य होते. शिवाय उर्मिला यूली चौधरी, आदित्य प्रकाश, जीत मल्होत्रा, एम. एन. शर्मा असे भारतीय वास्तुविशारद होते. रोजचे काम बहुतांशी जानरे आणि या भारतीय मंडळींच्या अंगावर होते, कारण ल कॉर्बुझिए वर्षातून थोडे दिवसच येत.

या सगळ्यांचे कागद कुठे आहेत? मेयर यांचे शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात, ल कॉर्बुझिए यांचे पॅरिसमधल्या त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानात, जानरे यांचे माँट्रियलच्या कॅनेडियन सेंटर फॉर आर्किटेक्चरमध्ये, तर फ्राय आणि ड्रू यांचे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सकडे. खुद्द चंदीगडमध्ये सेक्टर १० मधले वास्तुकला संग्रहालय आणि सेक्टर १९ मधल्या वास्तुविशारदांच्या जुन्या कार्यालयातले ल कॉर्बुझिए केंद्र आहे. एका शहराचा इतिहास असा पाच देशांत विखुरला आहे. यांतल्या प्रत्येक संस्थेचे संकेतस्थळ शोधयंत्राला ठाऊक असते, पण ही सारी एकाच गोष्टीची अंगे आहेत हे तुम्हाला कोणी तरी माणसाने आधी एकत्र मांडून दाखवावे लागते. अशा मांडणीलाच विषयनिर्देशिका म्हणतात. जाणकाराने प्रत्येक साधन स्वतः उघडून पाहिलेले असते, ते कशासाठी उपयोगी आहे आणि त्याची मर्यादा काय हे दोन-तीन ओळींत लिहिलेले असते आणि निवडीची जबाबदारी घेतलेली असते.

हे काम इंटरनेटच्या फार आधीपासून चालत आले आहे, आणि त्याचा एक धागा चंदीगडपर्यंत येतो. तो सुरू होतो लाहोरला. १८८२ साली स्थापन झालेल्या पंजाब विद्यापीठाने १९१५ मध्ये एसा डॉन डिकिन्सन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावले. डिकिन्सन हे दशांश वर्गीकरण पद्धतीचे जनक मेल्विल ड्यूई यांचे शिष्य. त्यांनी ग्रंथालयाची घडी बसवली, ग्रंथालयशास्त्राचा वर्ग चालवला आणि १९१६ मध्ये ‘पंजाब लायब्ररी प्रायमर’ हे पुस्तक लिहिले. आपल्याकडे याच्याही आधी, १९१० साली, महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास आणून हेच काम आरंभले होते. पण बडोद्याचा प्रयोग संस्थानाचा होता आणि लाहोरचा विद्यापीठाचा. हा भेद लहान नाही. विद्यापीठात ग्रंथपाल संशोधकाच्या शेजारी बसू लागला आणि ‘कोणते पुस्तक कुठे आहे’ याच्यापुढचा ‘या विषयावर काय काय आहे’ हा प्रश्न त्याला विचारला जाऊ लागला.

१९४७ मध्ये फाळणी झाली. लाहोरचे विद्यापीठ पलीकडे राहिले, त्याचे ग्रंथालयही तिथेच राहिले. अलीकडच्या पूर्व पंजाबात नवे विद्यापीठ निघाले. त्याचे कार्यालय काही वर्षे सोलनच्या डोंगरात होते आणि १९५६ पासून ते चंदीगडला येऊ लागले. नव्या शहराच्या सेक्टर १४ मध्ये जानरे आणि बी. पी. माथुर यांनी त्याचा परिसर आखला. ग्रंथालयाच्या इमारतीची कोनशिला १९५८ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांनी बसवली, १९६३ मध्ये पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. पुढे या ग्रंथालयाला कुलगुरू ए. सी. जोशी यांचे नाव मिळाले. विचार करा, ज्या विद्यापीठाचे संचित ग्रंथ एका सीमारेषेने हिरावले गेले, तिथल्या ग्रंथपालाला यादीचे मोल कोणी शिकवावे लागले असेल का? ग्रंथ हाताशी नसला तरी तो आहे आणि अमुक ठिकाणी आहे एवढे कळले तरी संशोधकाचे निम्मे काम होते.

या ग्रंथालयाची सूत्रे ज्यांच्याकडे होती ते जगदीश सरन शर्मा आजच्या विद्यार्थ्याला माहीत नसतात. मला हा अन्याय वाटतो. मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन आलेल्या शर्मा यांनी १९५५ मध्ये महात्मा गांधींची वर्णनात्मक ग्रंथसूची प्रसिद्ध केली. त्याच वर्षी नेहरूंची, पुढच्या वर्षी विनोबा आणि भूदान चळवळीची, आणि १९५९ मध्ये राष्ट्रीय काँग्रेसची. गांधी-वाङ्मयाची यादी त्यांच्या आधीही झाली होती. पांडुरंग गणेश देशपांडे यांची ‘गांधियाना’ नवजीवनने १९४८ मध्येच काढली होती. शर्मांनी भर दिला तो ‘वर्णनात्मक’ या शब्दावर. नुसते शीर्षक, लेखक, वर्ष देऊन न थांबता त्या पुस्तकात वा लेखात काय आहे हेही सांगायचे. तुमच्या दृष्टीने हाच फरक कळीचा आहे. भूदानावर शंभर शीर्षके समोर आली तर तुम्ही घाबरून जाल, पण त्यांतले भाषण कोणते, वृत्तांत कोणता, टीका कोणती हे कळले तर नेमकी पाच निवडू शकाल. १९६० मध्ये याच विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा विभाग निघाला.

मराठीत या जातीचे मोठे काम पुण्याच्या शंकर गणेश दाते यांचे. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या दोन खंडांत १८०० ते १९५० या काळातली मराठी पुस्तके विषयवार नोंदलेली आहेत. मराठी पुस्तकांचा इतिहास लिहिणारा आजही आधी ही सूची उघडतो. तुमच्या महाविद्यालयाच्या कपाटात ती असण्याची बरीच शक्यता आहे. जरूर पाहा.

आता इंटरनेटवर येऊ. वर्ल्ड वाइड वेब जन्मले तेव्हा शोधयंत्रे नव्हतीच, असलेली संकेतस्थळे विषयवार मांडणे हाच एक मार्ग होता. खुद्द टिम बर्नर्स-ली यांनी व्हर्च्युअल लायब्ररी नावाची अशी निर्देशिका सुरू केली. कॅलिफोर्नियातल्या ग्रंथपाल कॅरोल लीटा यांनी १९९० पासून जमवलेल्या दुव्यांतून ‘लायब्रेरियन्स इंडेक्स टू द इंटरनेट’ उभी राहिली. रिव्हरसाइडच्या विद्यापीठ ग्रंथालयाने १९९४ मध्ये ‘इन्फोमाइन’ काढले, ब्रिटनमधल्या विद्यापीठांनी मिळून ‘इंट्यूट’ चालवले. याहूची सुरुवातही १९९४ मध्ये निर्देशिका म्हणूनच झाली. पुढे ही सारी एकेक करून मिटली : इंट्यूट २०११ मध्ये बंद झाले, इन्फोमाइन आणि याहूची निर्देशिका २०१४ मध्ये संपली, लीटा यांची यादी दुसऱ्या एका प्रकल्पात मिसळून २०१५ मध्ये बंद झाली, आणि स्वयंसेवकांची ‘डीमॉझ’ २०१७ मध्ये.

‘गूगल आले म्हणून’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. छापील ग्रंथसूची एकदा झाली की पन्नास वर्षे कपाटात शाबूत राहते. संकेतस्थळांच्या यादीला मात्र रोज राबता लागतो. दुवे तुटतात, संस्था पत्ते बदलतात, काल चांगले असलेले स्थळ आज जाहिरातींनी भरते. हे तपासायला पगारी माणसे लागतात, आणि या कामाचे श्रेय कुणाच्या अहवालात ठळक दिसत नाही. त्यामुळे पैसे कापायची वेळ आली की कात्री आधी इथेच लागते.

भारतात हे काम मुख्यतः इन्फ्लिबनेटने उचलले. विद्यापीठ अनुदान आयोगाचा हा प्रकल्प १९९१ मध्ये पुण्याच्या आयुकात सुरू झाला, १९९६ मध्ये स्वतंत्र केंद्र झाला आणि आता गांधीनगरला आहे. पीएच.डी.चे प्रबंध देणारे ‘शोधगंगा’ त्यांचेच. भारतीय साधनांची विषयवार निर्देशिका म्हणून ‘इन्फोपोर्ट’ही त्यांनी हाती घेतले. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय जून २०१८ मध्ये देशाला अर्पण झाले.

इथे थोडे थांबून एका फसलेल्या यादीची गोष्ट सांगणे भाग आहे, कारण यादी म्हटली की विश्वासार्हच, असा समज घातक ठरतो. जानेवारी २०१७ मध्ये अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी जाहीर केली. त्यातली अनेक नावे विद्यापीठांनी सुचवली होती. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या १,००९ नियतकालिकांची छाननी केली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आले. सुमारे ८८ टक्के नियतकालिके निकषांवर उतरली नाहीत. कुणाचा पत्ता किंवा संपादकांची नावे नव्हती, कुणाचा आयएसएसएन चुकीचा होता, कुणी प्रभावांकाचा खोटा दावा केला होता. मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. नंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षाच्या मदतीने ‘केअर’ नावाची नवी यादी आली, आणि २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली. मधल्या काळात पैसे भरून तिथे लेख छापणाऱ्या संशोधकांचे काय झाले असेल, याचा अंदाज तुम्ही करू शकता.

याउलट उदाहरण आहे डीओएजे या मुक्त नियतकालिकांच्या निर्देशिकेचे. २००३ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठात सुमारे ३०० नियतकालिकांनी ती सुरू झाली. निकष कडक केल्यावर तिने सर्वांना पुन्हा अर्ज करायला लावले आणि ज्यांनी तो केला नाही अशी सुमारे ३,३०० नियतकालिके मे २०१६ मध्ये वगळली. दोन्हीकडे हजारोंची वगळणी आहे. पण डीओएजेने निकष आधी उघड मांडले, मग छाननी केली. आयोगाच्या यादीत नावे आधी आली आणि छाननी नंतर झाली. म्हणून कोणतीही निर्देशिका उघडलीत की तिचे ‘आमच्याविषयी’ हे पान आधी वाचा : निवड कोण करते, कशावरून करते आणि शेवटची तपासणी कधी झाली. उत्तर सापडले नाही तर ती यादी ऐकीव माहितीसारखी वापरा.

तुमच्या प्रकल्पाकडे परत जाऊ. शोधगंगेत चंदीगडवरचे प्रबंध शोधा आणि त्यांचा निष्कर्ष सोडून शेवटची संदर्भसूची आधी वाचा. पाच-सहा प्रबंधांत पुन्हा पुन्हा येणारी साधने वहीत टिपा, म्हणजे विषयनिर्देशिकेचा कच्चा खर्डा तयार होईल. मग महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडे तो घेऊन जा. ‘चंदीगडवर काही आहे का’ असे न विचारता ‘मेयर आराखड्यावर मला एवढे सापडले आहे, यात काय राहिले’ असे विचारा.

राहिलेले बरेच असेल. शिकागो, पॅरिस, माँट्रियल, लंडन या चारही संग्रहांत वास्तुविशारदांचे कागद आहेत. शहरासाठी ज्यांची गावे उठवली त्या शेतकऱ्यांची बाजू तिथे शोधून मिळणे कठीण. त्यासाठी महसुली दप्तर आणि पंजाबी, उर्दू वृत्तपत्रे चाळावी लागतील. चंदीगडमधलीच पंजाब डिजिटल लायब्ररी ही संस्था २००३ पासून पंजाबातली हस्तलिखिते, पुस्तके, वृत्तपत्रे आणि छायाचित्रे यांच्या डिजिटल प्रती करत आहे आणि २००९ पासून तिचा संग्रह ऑनलाइन पाहता येतो. गुरुमुखी लिपी वाचता येत नसेल तर वर्गातल्या एखाद्या पंजाबी मित्राला सोबत घ्या.