डिपरॉडवरचा फेस

१९८९चा जानेवारी. गळीत हंगाम ऐन भरात आहे आणि तुम्ही साखर कारखान्याच्या गेटवर उभे आहात. पुढे उसाच्या बैलगाड्यांची रांग, हवेत गोडसर, आंबूस वास. केमिस्ट्रीत बीएस्सी झालेल्या तुम्हाला एका सीए फर्मने इंटर्नल ऑडिटला घेतलंय. फर्मचे साहेब एवढंच म्हणाले होते, "डेबिट-क्रेडिट येईल हो दोन-चार महिन्यांत."

ते अजून आलेलं नाही. सोबतची आर्टिकलची पोरं व्हाउचरवर धडाधड लाल टिका मारतायत. तुमच्या वाट्याला कुणालाच नको असलेलं काम आलंय: मोलॅसिसच्या टाकीचा साठा तपासणं.

"साहेब, जपून. शिडी चिकट झालीय," टाकीवरचा कामगार सांगतो. तुम्ही वर चढून डिपरॉड सोडता. ३.२ मीटर. टाकीचा व्यास १२ मीटर, घनता १.४ धरायची, गुणाकार ५०७ टनांवर येतो. रजिस्टरही ५०७च म्हणतंय. टिक मारून खाली उतरायला हरकत नाही.

पण कॉलेजच्या लॅबमध्ये फेस बसल्याशिवाय रीडिंग घेतलं की सर ओरडायचे. तुम्ही वाकून पाहता. वर हातभर तपकिरी फेस आहे, जवळजवळ ४० सेंटिमीटर. त्यात मोलॅसिस आहेच, पण निम्मीअधिक हवा, आणि १.४ ही घनता काही हवेची नव्हे. फेस वगळला तर ६३ टन कमी भरतात. त्यातले थोडे फेसाच्या पदरात टाकले तरी उरलेले गेले कुठे?

चीफ केमिस्ट आधी वैतागतात, मग विचारतात, "कुठलं कॉलेज तुमचं?" आणि लॅबचं रजिस्टर पुढे सरकवतात. शंभर टन उसामागे साधारण चार-साडेचार टन मोलॅसिस निघतं. आत आलेली साखर पोत्यांत, मोलॅसिसमध्ये, बगॅसमध्ये किंवा प्रेसमडमध्ये सापडलीच पाहिजे. बाकी राहील ते नुकसान, आणि त्यालाही मर्यादा असते. हा ताळेबंद तुम्हाला न शिकवता कळतो. मोलॅसिसवर १९६१ पासून सरकारी नियंत्रण आहे, भाव बांधलेला आहे. त्यामुळे बाहेर त्याला गिऱ्हाईक कमी नाही, हे मात्र वजनकाट्यावरचा कारकून चहा पिता पिता सांगतो. माझ्या मते ऑडिटमधलं निम्मं शिक्षण अशा चहावरच होतं.

डोळे मिटा, २०१४च्या एप्रिलमध्ये उघडा. नव्या कंपनी कायद्याचं कलम १३८ लागू झालंय. ठरावीक कंपन्यांना इंटर्नल ऑडिटर नेमणं बंधनकारक आहे. तो सीए असेल, कॉस्ट अकाउंटंट असेल किंवा बोर्ड ठरवेल तो अन्य व्यावसायिक. या तिसऱ्या दारातून तुम्ही आत येऊ शकता. वैधानिक ऑडिटवर सही मात्र सीएचीच चालते, तिथे तुमची बीएस्सी उपयोगाची नाही. सीआयएचे, म्हणजे सर्टिफाइड इंटर्नल ऑडिटर परीक्षेचे, तीन पेपर आहेत, पदवीनंतर दोन वर्षांचा अनुभव लागतो. तो तुमच्याकडे कधीचाच आहे. फॉर्म तेवढा भरायचा राहिलाय.