दाखला न काढता

शाळेच्या वयपत्रकात जन्मस्थळाचा एक रकाना असतो. सुरतेतल्या लिंबायतच्या मराठी शाळेत मी नोकरीला लागले तेव्हा त्या रकान्यात शिरपूर, शहादा, दोंडाईचा, साक्री, पारोळा, अमळनेर, एरंडोल अशी गावं ओळीनं लिहिलेली असायची. काही वर्षांनी मधूनमधून ‘सुरत’ दिसू लागलं, आणि मग पानंच्या पानं तेवढंच. पुढं हीच सुरतेत जन्मलेली मुलं आईबाप झाली, त्यांनी आपली पोरं इंग्रजी नाहीतर गुजराती शाळेत घातली आणि आमचा पट आटत गेला. सुरत महापालिकेच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, उडिया आणि तेलुगू अशा सात माध्यमांत चालतात. कुठले वर्ग वाढले नि कुठले मिटले एवढं पाहिलं तरी शहरात कोण नवं आलंय आणि कोण मुरलंय ते कळतं.

हे सगळं आता आठवायला कारण घरातला वाद. हे डाइंग मिलमधून सुटले, पाठोपाठ मीही निवृत्त झाले. आता राहायचं कुठं? ह्यांचं गाव शिंदखेडा तालुक्यात आहे, तिथं वडिलोपार्जित घर आणि थोडी कोरडवाहू जमीन. मुलगी नाशिकला असते, तिचा हट्ट नाशिकचा. आणि हे लिंबायतचं घर, खाली आम्ही नि वर भाडेकरू. ह्यांनी मोबाइलवर तिन्ही ठिकाणची हवा बघायला सुरुवात केली. मे महिन्यात गावी ४४, सुरतेला ३६, नाशिकला त्याच्या मधलं. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून जवळजवळ सहाशे मीटर उंच, त्यामुळे रात्री गार. पाऊस म्हणाल तर सुरतेला बाराशे मिलिमीटरच्या वर आणि गावी त्याच्या निम्म्यानं. पण गावचं ४४ कोरडं असतं, झाडाखाली खाट टाकली की निभतं. इथल्या ३६ मध्ये घाम वाळतच नाही. कुठला उन्हाळा सोसवेल ते आकड्यावरून कळत नाही. आणि माझं म्हणणं आणखीच वेगळं आहे. लिंबायतमध्ये आलेल्या एकाही खानदेशी नवरा-बायकोनं हवा बघून घर केलेलं नाही. त्यांनी बघितली गाडी.

ती गाडी तापी व्हॅली रेल्वेची. १९०० च्या सुमाराला सुरत ते अमळनेर रूळ पडले, पुढं जळगावशी जोड मिळाली. उधना, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर ही स्टेशनं आमच्याकडची पोरं पाढ्यासारखी म्हणतात. खानदेशचा कापूस पश्चिमेला उतरवायचा हा त्या रेल्वेचा मोठा उपयोग. माणसं तेव्हाही बसत असतीलच. पण घरंच्या घरं त्या गाडीनं आली ती सत्तर वर्षांनी. मध्ये १९६० साली राज्यं वेगळी झाली. आजही नवापूरच्या फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत आहे. गाडीत बसलेल्या माणसाला त्याचं काही नसतं. तो तेवढ्या वेळात चहा घेऊन येतो.

१९७२ च्या दुष्काळात पश्चिम खानदेशात प्यायला पाणी नव्हतं. रोजगार हमीची खडी फोडून जी माणसं कंटाळली, त्यांच्यातली काही उधन्याला उतरली. तेव्हा सुरतेत आर्ट सिल्कचे माग वाढत होते. १९८२ मध्ये मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि गिरण्यांचं काम भिवंडी, मालेगाव, सुरतेच्या मागांकडे वळलं. तोवर पॉलिएस्टरच्या साड्यांची लाट आलेलीच होती. लूम्सची खाती चोवीस तास चालू लागली, पांडेसऱ्याला डाइंग-प्रिंटिंगच्या मिला धुरावू लागल्या, रिंग रोडवर कापड मार्केटं उभी राहिली. १९६१ मध्ये तीन लाखांच्याही आत असलेलं शहर १९९१ मध्ये पंधरा लाखांच्या आसपास गेलं आणि २०११ मध्ये चव्वेचाळीस लाखांवर. खानदेशातल्या मिला मात्र याच काळात एकेक करून आजारी पडत बंद होत गेल्या. ज्या अमळनेरात प्रताप शेटजींनी गिरणी काढली, त्याच अमळनेरचे विणकर सुरतेत दुसऱ्याच्या मागावर उभे राहिले.

मागांवर मोठी संख्या ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातल्या माणसांची. ती एकटी येतात, एका खोलीत पाळीपाळीनं झोपतात, मेसमध्ये जेवतात आणि वर्ष-दोन वर्षांनी गावी जातात. २०११ च्या जनगणनेत सुरतेत हजार पुरुषांमागं साडेसातशेच्या आसपासच बायका निघाल्या, त्याचं एक मोठं कारण हे. खानदेशी माणूस तसा राहिला नाही. सुरुवातीची वर्ष-दोन वर्षं तोही एकटा असायचा, पण मग बायको येई. गाव एका रात्रीच्या अंतरावर आहे, सासू आजारी पडली तर सकाळी पोचता येतं, एवढ्या हिशेबावर सुना यायला तयार झाल्या. लिंबायत वसलं ते अशा जोडप्यांनी.

त्या काळी लिंबायत म्हणजे रुळाच्या पलीकडचं, शहराच्या कडेचं गाव. शेतांचे तुकडे पाडून प्लॉट विकले जात, त्यांना सोसायटी म्हणत. कागद काय होता आणि काय नव्हता, हे कुणी फार विचारत नसे. मी लग्न होऊन आले तेव्हा आमची खोली पतऱ्याची होती. एप्रिलमध्ये दुपारी बारानंतर पतरा तापला की आत भांड्यालाही चटका बसायचा. सासूबाईंनी पतऱ्यावर गोणपाटं पसरलेली होती, ती दिवसातून दोनदा ओली करायची. त्याला पाणी लागायचं, आणि पाण्यासाठी हापशावर रांग. म्हणजे खोली गार ठेवायची तर आधी तासभर उन्हात उभं राहायचं! रात्री सगळी गल्ली ओट्यावर झोपायची. खाडीकडून डास येत आणि मिलचा वास येई. समुद्राचा वारा सुरतेला असतो म्हणतात, तो अठवा, पिपलोदकडचा. आमच्यापर्यंत येईतो त्याचा दम संपलेला असतो.

मग बायका राहिल्या कशा? गल्लीतल्या एका मावशींनी मला हिशेब सांगितला होता. गावी विहिरीचं पाणी दोन शेतं पलीकडून आणायचं, वर दुसऱ्याच्या वावरात निंदणीला जायचं आणि मजुरी सासऱ्याच्या हातात पडायची. इथं दारात बसून साड्यांना लेस लावायची, टिक्की चिकटवायची, एम्ब्रॉयडरीचे लोंबते धागे कापायचे. टेम्पोवाला गठ्ठा टाकून जाई, दुसऱ्या दिवशी उचलून नेई, आणि साडीमागं मिळणारे पैसे बाईच्या हातात पडत. दर फारच कमी, डोळे जात, पाठ धरे, हेही खरंच. पण पोरगी शाळेत आणि पैसा कनवटीला, या दोन गोष्टींपुढं पतरा तापतो ही तक्रार मागं पडायची. गावी परत जाऊ असं नवरे म्हणत, दारू उतरल्यावर तर हटकून म्हणत. नको म्हणायच्या त्या बायका. लिंबायतच्या इतिहासात हे कुठं लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहून ठेवते.

गाव सोडलं असं मात्र कुणीच म्हणत नसे, कारण कानबाई देवीचे रोट गावी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. आता ती लिंबायत, दिंडोली, उधन्यातही वाजतगाजत बसते, पण रोट हे भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकींनी माहेरी यायचं, झोक्यावर बसायचं. आखाजी येते ऐन वैशाखात. सगळ्यात वाईट उन्हाच्या दिवसांत भुसावळ पॅसेंजरला पाय ठेवायला जागा नसते, आणि ह्यांच्या मोबाइलमध्ये ह्याचं उत्तर नाही.

राहायचं की जायचं याची सगळ्यात मोठी परीक्षा झाली सप्टेंबर १९९४ मध्ये. वेड रोडकडे माणसं तापानं, खोकल्यानं मरतायत अशी बातमी आली, दुसऱ्या दिवशी प्लेग हा शब्द आला. मेडिकलमधल्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या. तोंडाला रुमाल बांधून लोक स्टेशनकडे धावले. थोड्याच दिवसांत काही लाख माणसांनी शहर सोडलं. त्यांत डॉक्टरही होते. आम्हीही गेलो. दोंडाईच्याला उतरून गावच्या शिवाराशी पोचलो तर पोलीस पाटलांनी वेशीवरच थांबवलं. सुरतेहून आलेल्यांनी आधी मळ्यात राहायचं, असं पंचायतीचं ठरलं होतं. सासऱ्यांनी भाकरी मळ्याच्या बांधावर आणून ठेवली आणि लांब उभं राहून गप्पा मारल्या. ज्या गावाला आपण आपलं म्हणत होतो त्यानं आपल्याला बांधावर ठेवलं, याचं ह्यांना तेव्हा फार लागलं होतं. मला गावाचंही बरोबर वाटलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीत त्या साथीतले देशभरातले मृत्यू ५६ आहेत. आकडा वाचला की पळापळ हास्यास्पद वाटते, पण तो आकडा त्या रात्री कुणाजवळ होता?

शाळा उघडली तेव्हा वर्ग अर्धे रिकामे होते. आम्ही शिक्षक पट कमी करायचा का असा विचार करत बसलो होतो. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. शाळा सोडल्याचा दाखला एकाही पालकानं मागितला नव्हता. तेव्हा दाखल्याशिवाय दुसऱ्या शाळेत नाव लागत नसे. म्हणजे ही माणसं पळाली होती, पण गेली नव्हती. दिवाळी झाली तशी मुलं एकेक करून परत येऊन बसली. त्यानंतर माझ्या नोकरीभर मी ही खूण वापरली. कोण काय बोलतो याला अर्थ नाही, दाखला काढतो का ते बघायचं.

१९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले आणि सुरत झाडून निघाली. रात्री रस्ते साफ होऊ लागले, अधिकाऱ्यांना कचेरीतून उठून गल्लीत फिरावं लागलं, अतिक्रमणं पडली. वर्ष-दीड वर्षात देशातल्या स्वच्छ शहरांत सुरतेचं नाव दुसरं घेतलं जाऊ लागलं. लिंबायतला तेव्हा गटारं आणि नळ मिळाले. माझ्या मते आमचं सुरतेत खरं बस्तान त्या नळांनी बसवलं.

पाणी इथं उलटतंही. ऑगस्ट २००६ मध्ये तापीवरच्या उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सुटलं आणि बहुतेक शहर बुडालं. आमच्याकडे भीती तापीपेक्षा मिठी खाडीची. वरच्या भागात जोराचा पाऊस झाला, त्यात समुद्राला भरती असली, की खाडी उलटी फुगते. इथं त्याला खाडीपूर म्हणतात. जून २०२५ मध्येही पर्वत पाटिया, लिंबायतच्या सोसायट्यांत तो शिरला. लिंबायतचं रुळाखालचं गरनाळं तर सरीसरशी तुंबतं, मग रुळाच्या अलीकडचे अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे. आमच्या घराचं जोतं त्यामुळं दोन वेळा उचललंय.

२०२० ची टाळेबंदी सगळ्यांना माहीत आहे. सुरतेत सुरुवातीला सर्वांत जास्त रुग्ण लिंबायत झोनमध्ये होते. लोक मोटारसायकलींवर कोंडाईबारीचा घाट चढून गेले, गावच्या शाळेत चौदा दिवस राहिले, आणि माग सुरू झाले तसे परतले. दाखल्याला कुणी आलं नाही.

एवढं असूनही महाराष्ट्रात आमची आठवण क्वचितच कुणाला होते. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार रातोरात सुरतेच्या हॉटेलात आले, तेव्हा सगळ्या मराठी वाहिन्यांना सुरत सापडली. पण लिंबायत हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ आहे, तिथून २०१२ पासून संगीता पाटील निवडून येतायत, आणि लिंबायत ज्या नवसारी लोकसभेत मोडतं तिथले खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले, हे त्या वार्ताहरांपैकी किती जणांनी सांगितलं? आडनाव सोडून गुजराती होता येतं असं काहींना वाटतं. लिंबायतनं आडनाव ठेवून मतदार यादी भरली.

आता आमचं. ह्यांना गाव हवंय, कारण सुलवाडे-जामफळ उपसा योजनेचं पाणी शेतापर्यंत येईल अशी आशा आहे. ती आशा तालुक्यात पुष्कळांना आहे. नाशिकची हवा छान आहे, पण तिथं आम्ही मुलीचे आईबाप म्हणून राहू, आमची स्वतःची गल्ली नसेल. इथं दवाखाना रिक्षाच्या अंतरावर आहे, मंगळवारी भजन आहे आणि शेजारणीशी अहिराणीत भांडता येतं. मी सुचवलं, दिवाळी ते होळी गावी राहू, तिथली थंडी खरी थंडी असते, आणि होळीनंतर सुरतेला येऊ. हे म्हणाले, लग्नं तर वैशाखातच असतात. तेही खरंच.

शेवटी एवढंच ठरलंय की लिंबायतचं घर विकायचं नाही आणि गावचं पडू द्यायचं नाही. गावचं घर धाब्याचं आहे, जाड मातीच्या भिंतींचं. ह्यांचा विचार धाबं उतरवून स्लॅब टाकायचा. मी पतऱ्याखाली उन्हाळे काढलेत, स्लॅबखालीही काढलेत. ४४ अंशात राहायचं असेल तर मातीचं धाबंच हवं, ही माझी अट. पण धाब्यावर दर पावसाळ्याआधी खारी माती टाकून ती दाबून बसवावी लागते, नाहीतर घर गळतं. ते काम करणारा माणूस बघायला हे गेल्या आठवड्यात गावी गेले. तिथून फोन आला, गावात ते काम येणारा आता कुणी उरला नाही. जो करायचा तो मुलाकडे दिंडोलीला राहतो, आपल्यापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. पत्ता घेऊन ठेव म्हणाले.