सेरेंगेटी–झांझिबार पर्यटन

सेरेंगेटी–झांझिबार पर्यटन म्हणजे टांझानियाच्या उत्तर भागातील वन्यजीवदर्शन आणि हिंदी महासागरातील झांझिबार बेटावरील मुक्काम यांची सांगड घालणारा प्रवास होय. 'सफारी' या स्वाहिली शब्दाचा मूळ अर्थ केवळ प्रवास असा असून मराठीतील 'सफर'प्रमाणेच तो अरबीतून आला आहे.

प्रवास बहुधा आरुशा शहरातून सुरू होतो. नियोजनात महिन्याची निवड सर्वांत निर्णायक ठरते, कारण विल्डबीस्टचे कळप पावसामागे सतत फिरत असतात. फेब्रुवारीच्या सुमारास ते दक्षिणेला न्दुटू परिसरात असतात व माद्या तेथेच वितात. जुलै ते सप्टेंबरदरम्यान ते उत्तरेला मारा नदी ओलांडतात. नदी ओलांडण्याचा दिवस मात्र आधी सांगता येत नाही. तशी हमी देणाऱ्या जाहिरातींवर विसंबणे योग्य नव्हे. मार्च ते मे या 'मासिका' पावसाळ्यात दर उतरतात, पण रस्ते चिखलमय होतात.

सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १९५१ मध्ये स्थापन झाले. १९५९ मध्ये तेथील मासाई पशुपालकांना न्गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रात हलवण्यात आले. तेथे राहण्याचा व गुरे चारण्याचा त्यांचा हक्कही पुढे वादात सापडला. त्यामुळे पर्यटकांपुढे उभे केले जाणारे निर्मनुष्य अरण्याचे चित्र अपुरे आहे.

झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी समुद्र फार मागे सरतो. तेव्हा पोहता येत नाही; मात्र समुद्रशैवालाची शेती करणाऱ्या स्त्रिया दिसतात. उत्तरेकडील नुंग्वी येथे ही अडचण कमी जाणवते. आरुशाहून बेटावर जाणाऱ्या लहान विमानांत सामानाची मर्यादा बरेचदा १५ किलो असते व मऊ पिशव्याच सोयीच्या ठरतात.