जालन्यात लॅव्हेंडर: कुंडीत जमेल, शेतात नको

लॅव्हेंडर हे तुळशीच्या कुळातील बहुवर्षायू सुगंधी झुडूप आहे. त्याला थंड, कोरडे हवामान मानवते. जम्मूतील डोडा जिल्ह्यात भद्रवाह परिसरात ‘अरोमा मिशन’मधून त्याची शेती वाढली, पण तो भाग डोंगराळ असून हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो. तिथल्या यशोगाथा ऐकून जालन्यात एकरभर रोपे लावू नयेत. अंगणात किंवा गच्चीवर दोन-चार कुंड्या मात्र जमतात.

आपल्याकडे उन्हापेक्षा पावसाळ्याचा धोका मोठा. किंचित विम्ल जमीन लॅव्हेंडरला चालते. अडचण आहे ती काळ्या मातीच्या निचऱ्याची. मोसंबी बागायतदारांना डिंक्या नवीन नाही. त्याला कारणीभूत असलेल्या फायटोप्थोरा गटातील बुरशी लॅव्हेंडरची मुळे आणि बुंधाही कुजवतात. रोप कोमेजले की पाणी कमी पडले असे वाटून आणखी पाणी दिले जाते आणि उरलेसुरले रोपही जाते. माती ओली असूनही रोप मलूल दिसले, तर मूळकूज समजावी व पाणी थांबवावे.

खरे इंग्लिश लॅव्हेंडर आपल्या उष्णतेत टिकणे अवघड. त्याऐवजी दातेरी पानांचे फ्रेंच लॅव्हेंडर (लॅव्हेंडुला डेंटाटा) निवडावे. बियांची उगवण सावकाश व विषम होते, म्हणून रोप आणावे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ८ ते १० सेंमी लांबीचे, न फुललेल्या फांदीचे छाटकलम लावावे.

कुंडी मातीची, १० ते १२ इंची, तळाला छिद्रे असलेली घ्यावी. माती, जाड वाळू आणि बारीक मुरूम समप्रमाणात मिसळून त्यात मूठभर गांडूळखत टाकावे. खताचा लाड नको. नत्र जास्त झाले की पाला वाढतो, फुले कमी येतात. वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच बुंध्याशी पाणी द्यावे. कुंडीखाली ताटली ठेवू नये.

हिवाळ्यात दिवसभर ऊन द्यावे. एप्रिल-मेमध्ये सकाळचे ऊन पुरे, दुपारी शेडनेट किंवा भिंतीची सावली हवी. जूनपासून कुंडी वळचणीच्या आत, हवेशीर जागी ठेवावी. फुलोरा संपल्यावर हिरव्या फांद्या एक तृतीयांश छाटाव्यात. जुन्या, पाने नसलेल्या लाकडापर्यंत छाटल्यास तिथून फूट क्वचितच येते.

सुगंधी पीक शेतातच घ्यायचे असेल, तर बाजारपेठेची खात्री करून गवती चहा किंवा वाळ्याचा विचार करावा.