पाणी कुठे गेलं?

मुंबईतल्या जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची डिकी उघडली की एक वस्तू हमखास दिसायची, ती म्हणजे पाण्याचा कॅन. हे पाणी चालकाला पिण्यासाठी नसे, गाडीला पाजण्यासाठी असे. ‘गाडी पाणी पिते’ असं आपण सहज म्हणत असू. पण गाडी पाणी पीत नाही, ते कुठून तरी जातं. कुठून जातं हे शोधण्याची एक विद्या या शहरातल्या गॅरेजांनी जवळजवळ अर्धशतक जोपासली. मोटारींच्या इतिहासात कारखानदारांची नावं येतात, या विद्येची नोंद फारशी कुणी घेत नाही. म्हणून आज तिच्याविषयी बोलायचं ठरवलं.

मोटारीइतकाच पाण्याचा प्रश्नही जुना आहे. कार्ल बेंझच्या १८८६च्या पहिल्या गाडीत इंजिनाभोवतीचं पाणी चक्क उकळून वाफ होऊन जाई. १८८८ साली त्याची पत्नी बर्था या गाडीची सुधारित आवृत्ती घेऊन मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमला गेली, तेव्हा वाटेत तिला पुनःपुन्हा पाणी भरावं लागलं. १९०१च्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाखने हजारो बारीक नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. तेच पाणी थंड करून पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागलं आणि मोटार खऱ्या अर्थाने लांब पल्ल्याची झाली.

आता आपल्याकडे येऊ. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या गेल्या, मग फियाटशी करार झाला. १९५४च्या सुमारास ‘फियाट ११००’ आली. तिला लोकांनी प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. १९६४ साली ‘११०० डिलाइट’ आली. तिचंच पुढे १९७२ साली ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ साली ‘पद्मिनी’ असं बारसं झालं. इटलीत हे मॉडेल १९६२ साली आलं आणि १९६६ साली बंदही झालं. आपल्याकडे ते किरकोळ बदलांनिशी या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत तयार होत राहिलं. परवाना पद्धतीच्या काळात गिऱ्हाईकच वर्षानुवर्षं रांगेत उभं होतं, त्यामुळे बदलाची निकड कुणाला भासणार?

मूळची तुरीनची ही गाडी अंधेरीच्या मे महिन्यात, स्वामी विवेकानंद रोडच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगू लागली. तिचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरे. म्हणजे गाडी उभी असताना, वाऱ्याची सर्वांत जास्त गरज असताना, पंखा सर्वांत हळू! तिच्याच शेजारून जाणाऱ्या रिक्षाला ही कटकट नव्हती. ती हवेवर थंड होते, पाण्याला विचारतच नाही.

गाडी तापते म्हटल्यावर जाणता मिस्त्री आधी बॉनेट उघडत नसे, आधी प्रश्न विचारी. उभी असताना तापते की धावताना? सिग्नलला तापते आणि हायवेला लागली की निवते, तर दोष पंख्याचा, सैल बेल्टचा किंवा जाळीत अडकलेल्या कचऱ्याचा. उलट शहरात ठीक चालते पण घाट चढताना तापते, तर रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्या आहेत किंवा पंप पुरेसं पाणी फिरवत नाही. अचानक तापली आणि डायनॅमोचा लाल दिवाही लागला, तर बेल्टच तुटला, कारण पंप आणि डायनॅमो दोन्ही त्याच्यावरच चालत.

दुसरा प्रश्न पाण्याचा. काठोकाठ भरलेल्या जुन्या रेडिएटरमधून पहिल्या फेरीत थोडं पाणी बाहेर पडणारच. पाणी तापून फुगतं आणि जादा झालेलं ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर जातं. हा आजार नव्हे. पण रोज लिटरभर लागू लागलं, तर शोध घ्यायला हवा. त्यासाठी रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरायचं आणि सकाळी डाग कुठे आहे ते पाहायचं. पंपाच्या खालच्या बारीक भोकातून थेंब येत असेल, तर आतलं सील गेलं. होजच्या टोकाशी पांढरा किंवा गंजाचा ओघळ वाळलेला असेल, तर क्लिप सैल किंवा रबर चिरलेलं. कागद कोरडा असेल, तर झाकण तपासायचं. रेडिएटरचं झाकण म्हणजे डब्याचं झाकण नव्हे, तो दाबाचा वॉल्व्ह आहे. वातावरणापेक्षा निम्म्याने अधिक दाब राखला, तर पाणी शंभरऐवजी सुमारे १११ अंशांवर उकळतं. त्याची रबरी चकती झिजली की ही सवलत संपली.

आणि कुठेच गळती नसेल तर? मग मिस्त्रीचा चेहरा गंभीर होई. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा अधिक प्रसरण पावतं. गाडी एकदा जोरात तापली की हेड वाकडं होतं, मधलं गॅस्केट फुटतं आणि पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये शिरतं. खुणा ठरलेल्या. इंजिन थंड असताना झाकण काढून सुरू केलं, तर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात. सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते आणि ती थांबत नाही. ऑइल दुधाळ चहासारखं दिसतं. एखादाच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. मग हेड उतरवून प्लेन करण्याला पर्याय नसे.

इथे मला खरा प्रश्न दिसतो, तो यंत्राचा नसून पोटाचा आहे. पाचशे मिलिलिटर पाणी फुकट मिळतं. पंप बदलायचा, तर सुट्या भागाचे पैसे आणि दिवसभराची कमाई दोन्ही जातात. गाडी मालकाकडून रोजाने घेतलेली असेल, तर गाडी उभी राहिली तरी भाडं डोक्यावर. म्हणून चालक कॅन जवळ ठेवी आणि दुरुस्ती पुढे ढकली. एका थेंबाची गळती शेवटी हेडच्या कामावर जाई. यात अडाणीपणा नव्हता, रोजचा हिशेब होता.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडची सार्वत्रिक पद्धतही याच हिशेबातली. तो बंद अवस्थेत अडकला तर गाडी उकळते, मग नकोच तो! मुंबईच्या हवेत ते खपूनही गेलं, पण इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागे आणि पेट्रोल जास्त जाई. कुलंटऐवजी साधं पाणी हीसुद्धा काटकसरच. तलावांतून येणारं नळाचं पाणी त्यातल्या त्यात बरं, बोअरचं क्षारयुक्त पाणी नळ्यांत थर धरतं. कुलंटमधलं गंजरोधक नसल्याने बिडाचा गंजही त्यात मिसळतो. त्यातून रेडिएटर दुरुस्तीचा एक स्वतंत्र धंदा उभा राहिला. टाक्या उघडून नळ्यांतून सळया फिरवायच्या, तांब्या-पितळेला डाग द्यायचा आणि सायकलच्या ट्यूबसारखा रेडिएटर हौदात बुडवून बुडबुडे पाहायचे. आजचे ॲल्युमिनियमचे, प्लॅस्टिकच्या टाक्यांचे रेडिएटर असा डाग घेत नाहीत, ते बदलावे लागतात.

१९९९नंतर उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे टॅक्सी सीएनजीवर आल्या. हवा सुधारली, पण मिस्त्रीच्या यादीत एक ओळ वाढली. दाब उतरताना गॅस अतिशय गार होतो, म्हणून त्याच्या रेग्युलेटरला इंजिनाच्याच गरम पाण्याने ऊब द्यावी लागते. म्हणजे दोन नवे होज आणि गळतीच्या नव्या जागा. पाणी कमी झालं की हे जोडही तपासणं आलं.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावरून गेली. नव्या गाड्यांत विजेचा पंखा असतो, पारदर्शक टाकीवर पातळीची खूण असते. तरी पाणी कमी होण्याची कारणं तीच राहिली आहेत आणि ती शोधण्याची रीतही. घरी जुनी गाडी असेल, तर दोनच गोष्टी लक्षात ठेवा. तापलेल्या गाडीचं झाकण कधीही उघडू नका. दाब सुटताच उकळतं पाणी तोंडावर येतं, निदान अर्धा तास थांबा. आणि पाणी भरलंत म्हणजे काम झालं, असं समजू नका. ते कुठे गेलं, हे विचारल्याशिवाय पुढच्या प्रवासाला निघू नका.