एका गृहिणीच्या वहीचा कालनिर्णय

प्रस्तुत लेखांत ज्या साधनाचा परिचय करून द्यावयाचा आहे, तें कोणत्याहि दफ्तरांतील नाहीं. तें सनद नाहीं, ताम्रपट नाहीं, बखरहि नाहीं. ती आमच्या मातुःश्रींची स्वयंपाकघरांतील वही आहे. त्रैमासिकाच्या वाचकांस हा विषय प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. गेलीं चाळीस वर्षें जुनीं बाडें व रुमाल धुंडाळण्यांत घालवूनहि ही वही एक साधन आहे असें आम्हांस कधीं सुचलें नाहीं. तेव्हां वाचकांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहींच. परंतु काळ न दिलेल्या पोथीस आपण जी कसोटी लावतों, तीच या वहीस लावून पाहतां कांहीं निष्कर्ष निघाले; त्यांतील एक तरी केवळ आमच्या घरापुरता नाहीं असें वाटल्यावरून हा लेख सादर करीत आहों.

प्रथम बाह्य वर्णन. वही हिशेबाच्या वह्यांप्रमाणें लांबट असून पुठ्ठा तांबड्या कापडाचा आहे. लिपी बाळबोध, हस्ताक्षर आद्यंत एकच. हल्लीं पत्रें ७३ आहेत. मुळांत ८४ होतीं. मधलीं ११ पत्रें कापलेलीं आहेत. हा लोप कोणी केला याविषयीं शंका नाहीं. महाविद्यालयांत असतांना एका मोडी कागदाची नक्कल उतरण्यासाठीं कागद हवा म्हणून आम्हींच तीं चाकूनें कापलीं. तीं सर्व कोरीं होतीं असें आज आमच्यानें छातीवर हात ठेवून सांगवत नाहीं. एक साधन उतरून घेण्याकरितां दुसरें कापलें, हा कबुलीजबाब येथें नोंदवून ठेवतों.

वहींत सन कोठेंहि नाहीं. सण, तिथि व वार क्वचित् आहेत. प्रत्येक पत्राच्या डाव्या बाजूस जिन्नस व त्यांचें प्रमाण, उजव्या बाजूस खर्च, आणि मध्यंतरीं कोठें जावयाचें असल्यास त्या स्थळाचें नांव, अशी मांडणी आहे. क्रियापदें जवळजवळ नाहींतच. अशा लेखाचा काळ ठरवावयाचा तो अंतर्गत पुराव्यावरूनच ठरविला पाहिजे.

पहिला पुरावा नाण्यांचा. पत्र १९ पर्यंत खर्च रुपये, आणे व पै यांत मांडला आहे. पत्र २० पासून 'न. पै.' असा संक्षेप येतो. दशमान नाणीं १ एप्रिल १९५७ पासून सुरू झालीं व 'नये' हें विशेषण १ जून १९६४ पासून सरकारनें काढून टाकलें. वहींतहि पत्र ५८ पासून नुसतें 'पै.' राहतें. बोलण्यांतील संवय कायद्यामागून चालते, म्हणून या तारखा अगदीं नेमक्या धरूं नयेत. परंतु क्रम निश्चित होतो.

दुसरा पुरावा मापांचा. तो मात्र फसवा आहे. वजनांची दशमान पद्धति ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें अमलांत आली; तरीहि वहीच्या शेवटल्या पत्रापर्यंत तांदूळ व डाळी चिपटीं, मापटीं, शेर व पायली यांतच आहेत. दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हें कोष्टक सर्वांस ठाऊक आहे. साखर मात्र पुढें पुढें किलोंत येते. कारण उघड आहे. साखर दुकानांतून तोलून येत होती. तांदूळ घरांतल्या पितळी मापानें डब्यांतून निघत होता. यावरून जुन्या मापांच्या आधारें कोणत्याहि घरगुती कागदाचा काळ मागें ढकलूं नये, एवढा धडा घ्यावा.

तिसरा पुरावा पाण्याचा. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचेंहि फुटलें, आणि मुठेचें पाणी पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत शिरलें. आमचें बिऱ्हाड तेव्हां शनिवारांत तळमजल्यावर होतें. वहीच्या सर्व पत्रांच्या खालच्या भागावर गाळाचा तपकिरी डाग आहे. पत्र ४१ पर्यंतची शाई त्या डागांत पसरली आहे. पत्र ४२ पासूनचीं अक्षरें डागावरून स्वच्छ गेलेलीं आहेत. म्हणजे पहिला भाग पुरापूर्वींचा, दुसरा पुरानंतरचा. भांडींकुंडीं वाहून गेलीं असतां ही वही वाळवून पुन्हां वापरांत घेतली गेली, ही गोष्टहि त्यांतच नोंदलेली आहे.

चौथा पुरावा सोमवारचा. पत्र ६१ ते ६४ मध्यें सोमवारीं रात्रीच्या रकान्यांत रेघ ओढली आहे. शिवाचा उपवास म्हणावा, तर तो दिवसा करून रात्रीं सोडतात; येथें दुपारचें जेवण असून रात्रीचें नाहीं. शिवाय श्रावण संपून मार्गशीर्ष आला तरी रेघ चालूच आहे. १९६५ सालीं धान्यटंचाईच्या व युद्धाच्या दिवसांत पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनीं आठवड्यांतून एक वेळचें जेवण सोडण्याचें आवाहन केलें होतें व सोमवारची रात्र त्यासाठीं पाळली जात असे. रेघेचा अर्थ तोच होय. शेवटल्या पत्रावर आमच्या आजींच्या वर्षश्राद्धाची यादी आहे व आजी १९६६ मध्यें वारल्या. येणेंप्रमाणें वहीचा काळ सुमारें १९५६ ते १९६७ असा ठरतो.

आतां आशय. आमच्या मातुःश्रींनीं नोकरी केली नाहीं. घर, स्वयंपाक व मुलें हाच त्यांचा व्यवसाय, आणि शिरगणतीच्या भाषेंत अशा स्त्रीस 'कांहीं न करणारी' समजण्याची चाल होती. प्राचीनांचें मत निराळें होतें. कामसूत्राच्या भार्याधिकरणांत गृहिणीनें वर्षाचें उत्पन्न पाहून त्याप्रमाणें खर्च करावा, रोजचा जमाखर्च ठेवावा, परसांत भाज्या लावाव्या, उरल्यासुरल्याचा उपयोग करावा, असें विस्तारानें सांगितलें आहे. विवाह, यज्ञ, देवयात्रा अशा प्रसंगीं बाहेर जाण्याचा विचारहि तेथेंच आला आहे. मात्र तो पतीच्या अनुज्ञेनें. म्हणजे चूल, हिशेब व बाहेर जाणें हीं तिन्हीं एकाच अधिकरणांत आहेत. आमच्या वहींतहि तीं एकाच पत्रावर आहेत. अनुज्ञेचा रकाना तेवढा नाहीं.

दुसरी तुलना मानसोल्लासाशीं करण्यासारखी आहे. कल्याणीच्या चालुक्यवंशांतील तिसऱ्या सोमेश्वरानें शके १०५१ मध्यें, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास, हा ग्रंथ रचला. त्याच्या तिसऱ्या विंशतींत अन्नभोग असून मांडे, पोळ्या, पुऱ्या, वडे यांच्या कृति आहेत. पांचव्या विंशतींत क्रीडा आहेत; त्यांत डोंगरावरील भूधरक्रीडा, वनक्रीडा, हिरवळीवरील शाद्वलक्रीडा, वाळूंतील वालुकाक्रीडा व शेतांतील सस्यक्रीडा येतात. पर्वतीवर चढणें, चतुःशृंगीच्या जत्रेस जाणें, कार्तिकांत आवळीखालीं जेवणें, सुगींत हुरड्यास जाणें, हे आमच्या लहानपणचे सर्व कार्यक्रम राजाच्या या यादींत कोठें ना कोठें बसतात. परंतु मानसोल्लासाचा सारा रोख भोक्त्याकडे आहे. सतराव्या शतकांत रघुनाथ गणेश नवहस्त यानें रचलेल्या भोजनकुतूहलाचा रोख पदार्थांच्या गुणदोषांकडे आहे. तंजावरच्या सरफोजीच्या दरबारचें शरभेंद्र पाकशास्त्र हें राजाच्या मुदपाकखान्याचें आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' या १९१० च्या पुस्तकांत गृहिणी गृहिणीशीं बोलते. पण तें छापील पुस्तक सर्व घरांसाठीं आहे. एका घरांत एका दिवशीं प्रत्यक्ष काय शिजलें, किती शिजलें व कोणासाठीं, हें सांगणारा कागद अशा वहीवांचून दुसरा नाहीं.

नमुन्यादाखल बाहेरगांवच्या शिदोरीच्या नोंदी पाहाव्या. त्यांत दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट, लिंबाचें लोणचें व दहीभात हे जिन्नस वारंवार येतात. दशमीचें पीठ पाण्यानें न भिजवितां दुधानें भिजवितात. पाण्यांत शिजलेलें अन्न सोंवळ्यांतून बाहेर नेतां येत नसे. दुधांत भिजविलेल्यास तो निर्बंध नसे. शिवाय ती मऊहि राहते. आजी असेपर्यंत शिदोरींत दशम्या आहेत. आजींच्या मागें साध्या पोळ्या येतात. धर्मशास्त्राच्या कोणत्या नियमानें केव्हां घर सोडलें, हें ग्रंथांवरून कळणार नाहीं. येथें तें पत्रानिशीं दाखवितां येतें. दहीभातापुढें 'दूध जास्त' एवढेच दोन शब्द आहेत. निघतांना भातांत दूध फार व दही थोडें घातलें, म्हणजे दुपारपर्यंत तो बेताचा आंबट होतो. किती कोसांच्या प्रवासास किती दही, हें गणित कोणीं मांडलेलें आम्हांस आढळलें नाहीं. तें हातांत होतें व हाताबरोबर गेलें.

आतां मुख्य मुद्दा. पुरानंतरच्या भागांत ताटांची संख्या, वहीच्या भाषेंत 'पानें', स्पष्ट दिलेल्या ३१ नोंदी आहेत. कांहीं सणांच्या, कांहीं बाहेर जाण्याच्या. पाहुणे असतील तेथें ते निराळे मांडलेले आहेत. पाहुणे वजा करतां आजींच्या हयातींतील २५ नोंदींपैकीं २४ मध्यें घरचीं पानें ६ भरतात. त्या वेळीं घरांत माणसें सात होतीं: आजी, वडील, मातुःश्री व आम्ही चार भावंडें. सातवें पान कोणाचें गळलें?

धाकटें मूल वगळलें असेल, ही पहिली शंका. त्या धाकट्याच्या जागीं आम्हीच असून पुराच्या वेळीं चार वर्षांचे होतों, आणि आमचें पान निराळें मांडलें जात असे. आजींचें जेवण सोंवळ्याचें म्हणून वगळलें असेल, ही दुसरी शंका. तिचें निरसन वहीच करते. आजींच्या निधनानंतरच्या सहा नोंदींत आंकडा ५ आहे व घरांत माणसें सहा होतीं. आजी होत्या तेव्हांहि एक कमी, नव्हत्या तेव्हांहि एक कमी. म्हणजे गळलेलें पान लिहिणारीचें स्वतःचें होय.

राहिली एक नोंद. ती थेऊरची आहे. थेऊर म्हटलें कीं वाचकांस १८ नोव्हेंबर १७७२ ही तारीख व थोरले माधवराव आठवतील. आमचे वडीलहि तेथें नेऊन आम्हांस तेंच सांगत. वहींत थेऊरच्या नांवाखालीं एवढेंच आहे: सर्व वहिनीकडून, आपलें फक्त लोणचें, पानें ७. त्या दिवशीं आमच्या मामींनीं स्वयंपाक करून डबे आणले होते. मातुःश्रींनीं रांधलें नाहीं, त्या दिवशीं त्यांनीं स्वतःस मोजलें. ज्या दिवशीं रांधलें, त्या दिवशीं मोजलें नाहीं. वाढून झाल्यावर जें उरे तें त्यांचें. त्याचें माप निराळें काढावयाचें कारण त्यांस दिसलें नाहीं. आवळीखालीं पत्रावळी मांडून आम्हांस वाढल्यावर त्या डब्याच्या झांकणांत उरलेली दशमी घेऊन बसत, हें आम्हांस स्पष्ट आठवतें. तेव्हां त्यांत नोंद घेण्यासारखें कांहीं वाटलें नव्हतें.

एका वहीवरून सर्व घरांविषयीं सिद्धान्त करूं नये, हा नियम आम्हांस मान्य आहे. परंतु इशारा म्हणून एवढें सांगतों. जेवणावळींच्या व घरखर्चाच्या याद्यांवरून आपण कुटुंबांतील माणसें, धान्याचा दरडोई खप व राहणी यांचीं अनुमानें काढीत असतों. पानांची संख्या म्हणजे जेवणारांची संख्या असें त्यांत गृहीत असतें. जेथें यादी रांधणारीच्या हातची आहे, तेथें ती स्वतः त्या संख्येंत आहे कीं नाहीं हें आधीं तपासलें पाहिजे.

संग्राहकांस आमची विनंति आहे. जुने वाडे पाडले जात आहेत. माळ्यावरची सनद निघाली तर ती आपल्याकडे येते. फडताळांतली वही रद्दींत किलोवर जाते. अशी वही हातीं आल्यास तिचीं पत्रें सुटीं करूं नयेत, डाग पुसूं नयेत, व ती कोणाच्या हातची हें घरांतील वृद्धांस विचारून तत्काळ टिपून ठेवावें. ज्यांच्या घरीं लिहिणारी अद्याप हयात आहे, त्यांनीं 'दूध जास्त' म्हणजे किती जास्त, हें आजच विचारावें. आम्हांस तें आतां विचारतां येत नाहीं.

सदरहू वही आम्ही मंडळाच्या संग्रहास देत आहों. यादींत 'लेखक' व 'कर्ता' असे दोन रकाने असतात. घरगुती हिशेबाच्या कागदांत दुसरा रकाना रिकामा ठेवण्याचा परिपाठ आहे. आम्हीं दोन्ही रकान्यांत मातुःश्रींचें नांव लिहिलें आहे. तें तसेंच ठेवावें, अशी प्रार्थना आहे. इत्यलम्.